मॉडिफाइड स्टार्च हलाल आहे का, हे कसे ठरवावे

घटकांच्या यादीत ‘मॉडिफाइड स्टार्च’ हे दोन शब्द दिसले की हलाल आहाराची काळजी घेणारा माणूस थबकतो, आणि बहुधा पहिल्याच शब्दापाशी थबकतो. स्टार्च म्हणजे पिष्ट, हे त्याला ठाऊक असते. पण त्या पिष्टात बदल कशाने घडवला, त्या प्रक्रियेत डुकरापासून मिळवलेले काही किंवा मद्यार्क वापरला गेला का, याचे उत्तर वेष्टनावर मिळत नाही. ते कसे शोधायचे, कुठे खोलवर चौकशी करायची आणि कुठे थांबायचे, हे या लेखात सांगितले आहे. माझे मत आरंभीच नोंदवतो: मॉडिफाइड स्टार्च स्वतःच हराम निघण्याची शक्यता फार थोडी असते, आणि शंकेच्या खऱ्या जागा मोजक्या व नेमक्या आहेत. त्या ओळखता आल्या की प्रत्येक पाकिटापुढे अस्वस्थ होण्याचे कारण राहत नाही. अर्थात हा लेख म्हणजे फतवा नव्हे; वस्तुस्थिती हाती आल्यावर हुकूम काय, हे ज्याने त्याने आपल्या मसलकच्या, म्हणजे धार्मिक विचारपरंपरेच्या, जाणकार आलिमांना (धर्मपंडितांना) विचारावे. मात्र आलिमांपुढे जाताना प्रश्न नीट मांडता यावा, एवढी तयारी आपल्याला करता येते.

सुरुवात मूळ पदार्थापासून

स्टार्च फक्त वनस्पतींमध्ये तयार होतो. प्राणी आपला साठा ग्लायकोजेनच्या रूपाने ठेवतात, त्यामुळे ‘प्राणिज स्टार्च’ नावाची वस्तू बाजारात असूच शकत नाही. खाद्य उद्योगात वापरला जाणारा स्टार्च प्रामुख्याने मका, बटाटा, कसावा म्हणजे टॅपिओका, गहू आणि तांदूळ यांपासून काढतात. जिलेटिनबद्दल जो पहिला प्रश्न विचारावा लागतो, म्हणजे हाडे आणि कातडी कोणत्या जनावराची, तो इथे उद्भवतच नाही. मादक किंवा विषारी नसलेली वनस्पती खाणे वैध आहे याबद्दल फिक्हच्या, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याच्या, चारही सुन्नी परंपरांत (हनफी, मालिकी, शाफिई, हंबली) मतभेद नाही, आणि वस्तूंबाबत मूळ नियम मुभेचा असतो, म्हणजे मनाई सिद्ध होईपर्यंत वस्तू वैध धरायची असते, हे तत्त्व बहुसंख्य फकीह, म्हणजे फिक्हचे जाणकार, मान्य करतात. सूरह बकरहची १६८ वी आयत पृथ्वीवरील हलाल आणि तय्यिब म्हणजे उत्तम वस्तू खाण्यास सांगते, तर त्याच सूरहची १७३ वी आयत मृत जनावर, रक्त, डुकराचे मांस आणि अल्लाहखेरीज इतरांच्या नावाने अर्पण केलेले यांची मनाई करते. मक्याचा स्टार्च या मनाईच्या जवळपासही येत नाही.

म्हणून चौकशीचा भार ‘हे हलाल आहे हे सिद्ध करा’ असा नसतो. मूळ हलाल वस्तूला नंतर काही हराम चिकटले का, एवढेच पाहायचे असते. हा फरक बारीक वाटतो, पण पुढची सगळी दिशा त्यावर ठरते. फिक्हचा प्रसिद्ध नियम सांगतो की खात्री संशयाने नष्ट होत नाही. ‘काही असू शकेल’ या मोघम भीतीवर इथे हराम ठरवता येत नाही. नेमका दुवा दाखवावा लागतो.

‘मॉडिफाइड’चा अर्थ

एक गैरसमज आधी दूर करू. मॉडिफाइड स्टार्च म्हणजे जनुकीय बदल केलेल्या पिकाचा स्टार्च नव्हे. जनुकीय बदल पिकात होतो. इथला बदल स्टार्च काढून झाल्यानंतर कारखान्यात होतो. जनुकीय बदल केलेल्या मक्याचा स्टार्चही मॉडिफाइड असू शकतो आणि साध्या मक्याचाही असू शकतो. दोन्ही प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत.

बदल करण्याचे कारण व्यावहारिक आहे. साधा स्टार्च पाण्यात शिजवला की घट्ट होतो, पण आंबट पदार्थात, फार उष्णतेत किंवा जोरात घुसळल्यावर त्याचे कण फुटतात आणि रस पुन्हा पातळ होतो; गोठवून वितळवल्यावर त्यातून पाणी सुटते. हे टाळण्यासाठी स्टार्चच्या साखळ्यांना अधूनमधून टाके घालतात, किंवा त्यांच्यावर असे गट बसवतात की त्या पुन्हा एकमेकींना घट्ट बिलगू नयेत. काही वेळा उलट हेतूने आम्लाने साखळ्या तोडून पातळ शिजणारा स्टार्च बनवतात, जो गोळ्या-जेलीसाठी उपयोगी पडतो. यांतल्या काही रसायनांचे प्रमाण अत्यल्प असते. उदाहरणार्थ, ई १४२२ (‘ई’ हा युरोपात ॲडिटिव्हना, म्हणजे पदार्थात मिसळायच्या द्रव्यांना, दिलेला क्रमांक) मध्ये ॲडिपिक अनहायड्राइडचे कमाल प्रमाण ०.१२ टक्के आहे, आणि ई १४५० मध्ये ऑक्टेनिल सक्सिनिक अनहायड्राइडचे कमाल प्रमाण ३ टक्के आहे.

क्रमांक शोधा

आयएनएस या आंतरराष्ट्रीय क्रमपद्धतीत मॉडिफाइड स्टार्चचे क्रमांक १४०० पासून १४५२ पर्यंतच्या पट्ट्यात आहेत. १४०० म्हणजे भाजून केलेले डेक्स्ट्रिन, १४०१ आम्लाने, १४०२ अल्कलीने, १४०३ विरंजनाने आणि १४०५ एन्झाइमने बदललेला स्टार्च. १४०४ हा ऑक्सिडाइज्ड स्टार्च सोडियम हायपोक्लोराइटने तयार होतो. १४१० आणि १४१२ ते १४१४ हा फॉस्फेटचा गट, १४२० आणि १४२२ ॲसिटेटचे (१४२२ मध्ये ॲडिपेटही), १४४० आणि १४४२ हायड्रॉक्सिप्रोपिलचे, आणि १४५० हा सोडियम ऑक्टेनिल सक्सिनेटचा.

अडचण अशी की हा क्रमांक वेष्टनावर असेलच असे नाही. युरोपीय संघाच्या नियमांनुसार केवळ ‘मॉडिफाइड स्टार्च’ एवढे छापले तरी चालते. गव्हासारख्या ग्लुटेन असलेल्या धान्यापासून तो बनला असेल तरच मूळ धान्याचे नाव द्यावे लागते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या संस्थेचे लेबलविषयक सर्वसाधारण मानकही असे गटनाव वापरण्यास परवानगी देतो. शिवाय युरोपीय नियमांत आम्ल, अल्कली, विरंजन, भौतिक प्रक्रिया किंवा एन्झाइम यांनी बदललेला स्टार्च हा ॲडिटिव्ह मानलाच जात नाही, म्हणून तो यादीत नुसता ‘स्टार्च’ म्हणूनही येऊ शकतो. तेव्हा क्रमांक छापलेला असेल तर उत्तम; नसेल तर उत्पादकाला विचारायचा पहिला प्रश्न हाच ठेवावा.

नावाला घाबरू नये

क्रमांक मिळाल्यावर पूर्ण रासायनिक नाव वाचले की नवी भीती सुरू होते, आणि ती बहुधा शब्दांच्या व्युत्पत्तीतून येते. ‘ॲडिपेट’ हा शब्द चरबी या अर्थाच्या लॅटिन ‘अडेप्स’वरून आला आहे, कारण ॲडिपिक आम्ल पूर्वी स्निग्ध पदार्थांच्या ऑक्सिडीकरणातून मिळत असे. म्हणून कोणी ई १४२२ मध्ये चरबी आहे असे सांगितले, तर त्याने शब्दकोश बरोबर वाचला आहे पण कारखाना पाहिलेला नाही: आज हे आम्ल प्रामुख्याने सायक्लोहेक्झेन या पेट्रोलियमजन्य द्रवापासून नायट्रिक आम्लाच्या साहाय्याने तयार होते. ‘सक्सिनेट’ हे नाव राळेचा खडा, म्हणजे अंबर, यासाठीच्या लॅटिन शब्दावरून आलेले आहे. ई १४५० साठी लागणारे अनहायड्राइड मात्र मॅलेइक अनहायड्राइड आणि ऑक्टीन या पेट्रोरसायनांपासून बनते. हायड्रॉक्सिप्रोपिल गट प्रॉपिलीन ऑक्साइडमधून येतो, तेही पेट्रोरसायनच.

‘ॲसिटेट’ म्हटले की व्हिनेगर आठवते, आणि व्हिनेगरमागे वाइन. इथे वापरले जाणारे ॲसिटिक अनहायड्राइड हे औद्योगिक रसायन आहे. ते वाइनच्या व्हिनेगरपासून काढत नाहीत. आणि समजा एखाद्या आम्लाचा उगम खरोखर वाइनमध्ये असता, तरी फिक्हमध्ये त्यावर तयार विचार आहे: वाइन आपोआप आंबून व्हिनेगर झाली तर ते पाक म्हणजे पवित्र आहे यावर एकमत आहे, आणि मुद्दाम काही घालून तसे केले तर हनफी ते मान्य करतात, शाफिई आणि हंबली करत नाहीत.

फॉस्फेटविषयीची शंका थोडी अधिक विचारार्ह आहे, कारण हाडांपासून काढलेले फॉस्फेट ही खरी वस्तू आहे आणि तिचा क्रमांक ई ५४२ आहे. परंतु १४१० आणि १४१२ ते १४१४ या स्टार्चमध्ये फॉस्फेटचे टाके घालण्यासाठी सोडियम ट्रायमेटाफॉस्फेट किंवा फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड यांसारखी रसायने वापरतात, आणि या उद्योगाचा फॉस्फरस खाणीतल्या फॉस्फेट खडकातून येतो. ई ५४२ यादीत वेगळा छापलेला दिसला तर मात्र त्याची चौकशी करावी. तो स्टार्चचा भाग नसून स्वतंत्र घटक आहे.

आणखी एक नाव ‘डायस्टार्च ग्लिसरॉल’ असे आहे. १४११, १४२३ आणि १४४३ या क्रमांकांत ते येते. ग्लिसरॉल प्राण्यांच्या चरबीपासूनही मिळते, म्हणून हे क्रमांक काही याद्यांत ‘संशयास्पद’ म्हणून फिरत राहतात. प्रत्यक्षात ही ग्लिसरॉलची गाठ एपिक्लोरोहायड्रिन नावाच्या रसायनाने बांधली जात असे आणि ग्लिसरीन ओतून हा स्टार्च बनत नाही. युरोपीय संघाच्या मान्य यादीत हे तीन क्रमांक नाहीतच. ज्या यादीत प्रत्येक क्रमांकापुढे फक्त ‘हलाल’, ‘हराम’ किंवा ‘मश्बूह’ (शंकास्पद) असा शिक्का असतो आणि कारण दिलेले नसते, ती यादी बाजूला ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण समजल्याशिवाय शिक्क्याला काही किंमत नाही.

एन्झाइमचा प्रश्न

रसायनांपेक्षा एन्झाइमकडे अधिक लक्ष द्यावे लागते. एन्झाइम हे प्रथिन असते आणि ते जिवाणू, बुरशी, वनस्पती किंवा प्राणी यांपैकी कुठूनही मिळू शकते. स्टार्च तोडणारे अल्फा-अमायलेज डुकराच्या स्वादुपिंडातही असते आणि तिथून ते काढलेही जाते. पचनाच्या औषधांतील पॅन्क्रिएटिनमध्ये ते आढळते. स्टार्च उद्योग मात्र जवळजवळ सर्वत्र सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले एन्झाइम वापरतो: अल्फा-अमायलेजसाठी बॅसिलस कुळातील जिवाणू किंवा ॲस्परजिलस ओरायझी ही बुरशी, ग्लुकोअमायलेजसाठी ॲस्परजिलस नायजर ही बुरशी. ही एन्झाइमे स्वस्त असतात, उष्णता अधिक सोसतात आणि मोठ्या प्रमाणावर मिळतात. त्यामुळे १४०५ किंवा स्टार्च तोडून बनवलेले माल्टोडेक्स्ट्रिन पाहिल्यावर डुकराचे स्वादुपिंड आठवण्याचे कारण सहसा नसते. तरीही ‘एन्झाइम सूक्ष्मजीवजन्य आहे का’ हा प्रश्न विचारायला काही खर्च लागत नाही.

त्याच्याही मागे एक थर आहे: त्या सूक्ष्मजीवाला खाऊ काय घातले? जिवाणू वाढवण्याच्या माध्यमात पेप्टोन, म्हणजे तोडलेली प्रथिने, असते, आणि पेप्टोन मांसापासून, दुधातील केसिनपासून किंवा सोयाबीनपासून बनते. सोयाबीनचे पेप्टोन बनवताना प्रथिने तोडण्यासाठी प्राणिज एन्झाइम वापरले जाऊ शकते. ही शंका कल्पनेतली नाही. इंडोनेशियात २००० सालाच्या अखेरीस आजिनोमोतो कंपनीच्या मोनोसोडियम ग्लुटामेट या चव वाढवणाऱ्या पदार्थावरून मोठा वाद झाला तो नेमका यामुळे. कंपनीने जिवाणूंच्या जोपासनेच्या माध्यमात एक सोयापेप्टोन वापरण्यास सुरुवात केली होती, आणि ते पेप्टोन बनवताना डुकराचे एन्झाइम वापरलेले होते. तेथील उलेमा परिषदेने उत्पादन हराम ठरवले आणि ते बाजारातून परत घेतले गेले. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी मात्र अंतिम पदार्थात डुकराचा अंश नसल्याच्या आधारावर ते हलाल असल्याचे म्हटले. वाहिद हे स्वतः मोठ्या धार्मिक परंपरेतून आलेले होते, म्हणून हा वाद आलिम विरुद्ध सरकार एवढ्यावर संपवता येत नाही.

या वादातील दोन्ही बाजूंना फिक्हमध्ये आधार सापडतो, आणि तो ‘इस्तिहाला’ या संकल्पनेत आहे. अपवित्र वस्तूचे पूर्ण रूपांतर होऊन तिचे नाव, गुण आणि स्वभाव बदलले, तर जुना हुकूम राहतो का? हनफी ग्रंथांत मिठाच्या खाणीत पडून मीठच झालेल्या प्राण्याचे उदाहरण दिले जाते: ते आता मीठ आहे, म्हणून त्याचा हुकूमही मिठाचाच. मालिकी परंपराही रूपांतराला मोठी जागा देते. शाफिई आणि हंबली परंपरांत ही मुभा पुष्कळ संकुचित आहे. म्हणून माध्यमाच्या या तिसऱ्या-चौथ्या थरापर्यंत सामान्य ग्राहकाने किती खोदावे, हे त्याच्या मसलकवर अवलंबून राहील. व्यक्तीने एवढ्या खोलात जाण्याची अपेक्षा मला वाजवी वाटत नाही. हे काम प्रमाणन करणाऱ्या संस्थांचे आहे, आणि त्या ते करतात.

अल्कोहोल कुठे येते

सर्वसाधारण मॉडिफाइड स्टार्च पाण्यात कालवून, प्रक्रिया करून, धुऊन आणि वाळवून तयार होतो. त्यात अल्कोहोलला काम नसते. अपवाद आहेत. थंड पाण्यातही फुगणारा, पण कण अखंड असलेला स्टार्च बनवण्याच्या काही पद्धतींत अल्कोहोल आणि पाण्याचे मिश्रण वापरतात, आणि गोळ्या-औषधांत घातला जाणारा सोडियम स्टार्च ग्लायकोलेट हाही अल्कोहोलच्या माध्यमात बनवला जातो. शेवटी तो पदार्थ वाळवला जातो आणि अल्कोहोल उडून जाते, राहिलाच तर अंश राहतो.

इथे निर्णय दोन गोष्टींवर ठरतो: ते इथेनॉल (मद्यातलेच अल्कोहोल) मद्यनिर्मितीतून आले का, आणि इथेनॉल स्वतःच नजिस म्हणजे अपवित्र आहे असे आपली परंपरा मानते का. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २००९ च्या फतव्यात मद्यउद्योगातून आलेले अल्कोहोल आणि इतर मार्गाने बनलेले अल्कोहोल यांत भेद केला आणि दुसऱ्याला नजिस मानले नाही. हा भेद न मानणारे आलिमही आहेत. तुमच्या घरात या बाबतीत कडक मत पाळले जात असेल, तर ‘प्रक्रियेत इथेनॉल वापरले जाते का आणि त्याचा उगम काय’ एवढा एक प्रश्न चौकशीत जोडावा.

स्टार्चचे सोबती

माझ्या मते ग्राहकाने सर्वाधिक वेळ इथे द्यावा, आणि नेमका इथेच तो दिला जात नाही. मॉडिफाइड स्टार्च सहसा एकटा नसतो. ई १४५० तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवतो, म्हणून सुगंधी तेले, जीवनसत्त्वे आणि स्निग्ध भुकट्या त्याच्या कवचात बंद करून विकल्या जातात. कवच वनस्पतिज असेल, पण आत काय आहे? अ आणि ड जीवनसत्त्वांच्या भुकटीत स्टार्चसोबत जिलेटिनही असू शकते. स्वादद्रव्य बंद करण्याआधी ते इथेनॉलमध्ये विरघळवलेले असू शकते. आधीच शिजवून वाळवलेल्या, झटपट घट्ट होणाऱ्या स्टार्चमध्ये काही वेळा ई ४७१ हे इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारे द्रव्य) मिसळतात, आणि ई ४७१ वनस्पती तेलापासूनही बनते आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. म्हणजे ‘मॉडिफाइड स्टार्च’ या नावाखाली कारखान्यात आलेली गोणी निव्वळ स्टार्चची आहे की मिश्रणाची, हे विचारायला हवे.

त्याच यादीत पुढेमागे जिलेटिन, ई १२० हा किड्यांपासून मिळणारा लाल रंग, ई ९२० म्हणजे सिस्टीन, चीजसाठी दूध गोठवणारे रेनेट किंवा नुसते ‘स्वाद’ असे काही छापले असेल, तर स्टार्चवर वेळ घालवणे म्हणजे उघड्या दाराजवळ बसून खिडकीची कडी तपासण्यासारखे आहे. आधी हे घटक पाहावेत. त्यांतल्या एखाद्याची जरी शंका सुटली नाही, तर स्टार्चचा निकाल काहीही लागला तरी पदार्थाचा निकाल बदलत नाही.

साचे आणि यंत्रे

गोळ्या-जेलीच्या उद्योगातील एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. मऊ गोळ्या ओतण्यासाठी तबकांत स्टार्चची बारीक पूड भरतात, तिच्यावर आकार दाबतात आणि त्या खळग्यांत गरम पाक ओततात. पूड पाकातील ओल शोषते, गोळी घट्ट होते, मग पूड चाळून, वाळवून पुन्हा वापरली जाते. हे काम करणाऱ्या यंत्राला ‘मोगल’ म्हणतात. या पुडीचा उल्लेख घटकांच्या यादीत नसतो, कारण ती गोळीचा घटक नाही. आता समजा एका कारखान्यात काल डुकराच्या जिलेटिनच्या गोळ्या ओतल्या आणि आज त्याच पुडीत, त्याच यंत्रात, केवळ मॉडिफाइड स्टार्चने घट्ट केलेल्या ‘जिलेटिनविरहित’ गोळ्या ओतल्या. यादी स्वच्छ आहे, पण संपर्क झालेला आहे. म्हणून अशा गोळ्यांच्या बाबतीत मी यादीपेक्षा प्रमाणपत्रावर अधिक भर देईन.

हीच गोष्ट फवारून वाळवण्याची यंत्रे, मिश्रणाची भांडी आणि टँकर यांनाही लागू होते. कोडेक्सने १९९७ साली ‘हलाल’ शब्दाच्या वापराविषयी सर्वसाधारण मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यांत घटकांबरोबरच उपकरणे, साठवण आणि वाहतूक यांतील संपर्काचाही विचार केलेला आहे. एकाच आवारात वेगळ्या विभागात किंवा वेगळ्या मार्गिकेवर हलाल पदार्थ बनवण्यास, आणि पूर्वी हराम पदार्थांसाठी वापरलेली साधने योग्य शुद्धीनंतर वापरण्यास ती तत्त्वे परवानगी देतात. शुद्धी कशी करावी यात परंपरेनुसार फरक पडतो: मलेशियाचे एमएस १५०० हे मानक डुकराच्या संपर्कासाठी सात वेळा धुणे, त्यांपैकी एकदा मातीमिश्रित पाण्याने, अशी पद्धत सांगते.

उत्पादकाला काय लिहावे

‘तुमचा पदार्थ हलाल आहे का’ असे विचारले तर बहुधा ‘आमच्याकडे हलाल प्रमाणपत्र नाही’ एवढेच उत्तर येते आणि त्यातून काही कळत नाही. ज्या कंपनीला हलालचे नियम ठाऊक नाहीत तिच्याकडून हुकूम मागू नये. तिच्याकडून माहिती मागावी आणि हुकूम आपण शोधावा. पत्र थोडे, नेमके आणि पदार्थाच्या पूर्ण नावासह, बॅच क्रमांकासह असावे. मजकूर साधारण असा:

‘आपल्या अमुक पदार्थाच्या घटकांत मॉडिफाइड स्टार्चचा उल्लेख आहे. कृपया त्याचा ई किंवा आयएनएस क्रमांक आणि मूळ वनस्पती कळवावी. तो निव्वळ स्टार्च आहे की त्यात इमल्सिफायर, जिलेटिन किंवा इतर काही मिसळलेले आहे? त्याच्या निर्मितीत एन्झाइम वापरले असल्यास ते सूक्ष्मजीवजन्य, वनस्पतिज की प्राणिज आहे? प्रक्रियेत इथेनॉल वापरले जाते का? ज्या यंत्रांवर हा पदार्थ तयार होतो, त्यांवर डुकरापासूनचे घटक असलेले पदार्थही तयार होतात का? आपल्या स्टार्च पुरवठादाराचे हलाल प्रमाणपत्र उपलब्ध असल्यास त्याची प्रत पाठवावी.’

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. तयार पदार्थाच्या कंपनीकडे प्रमाणपत्र नसले तरी तिला स्टार्च पुरवणाऱ्या मोठ्या कारखान्याकडे ते पुष्कळदा असते, कारण तो माल अनेक देशांत जातो. असे प्रमाणपत्र मिळाले की स्टार्चपुरता प्रश्न मिटतो.

उत्तर येईल तेव्हा काही शब्द तोलून घ्यावेत. ‘शाकाहारी’ असे उत्तर आले तर प्राणिज घटकांची शंका बरीच दूर होते, पण इथेनॉल आणि सामाईक यंत्रे यांविषयी त्यातून काही समजत नाही. ‘कोशर’ या शिक्क्याला हलालचा पर्याय मानू नये. कोशर नियमांत वाइनला अटींसह जागा आहे, आणि जिलेटिनबाबत काही कोशर संस्थांची मते हलालच्या अटींशी जुळत नाहीत. ‘वनस्पतिज उगम’ हे उत्तर खरे असते, पण ते स्टार्चचेच वर्णन असते. मिश्रणाचा प्रश्न तसाच राहतो, म्हणून पुन्हा एकदा तेवढेच विचारावे.

प्रमाणपत्र हाती आल्यावर त्यावरील पदार्थाचे नाव किंवा सांकेतिक क्रमांक आपल्या पदार्थाशी जुळतो का, कारखान्याचा पत्ता तोच आहे का आणि मुदत संपली आहे का, हे पाहावे. एकाच कंपनीच्या एका कारखान्याचे प्रमाणपत्र दुसऱ्या कारखान्याच्या मालाला लागू होत नाही. मलेशियाची जाकिम आणि इंडोनेशियाची बीपीजेपीएच यांसारख्या हलाल प्रमाणनाच्या सरकारी संस्था परदेशी प्रमाणन संस्थांना मान्यता देतात. प्रमाणपत्र देणारी संस्था अशा मान्यताप्राप्त यादीत असेल तर विश्वासाला अधिक आधार मिळतो.

उत्तर आलेच नाही तर

पुष्कळदा उत्तर येत नाही. तेव्हा उरते ती यादी आणि आपली समज. यादीत मॉडिफाइड स्टार्चखेरीज शंकेचे काही नसेल, पदार्थ सूप, सॉस किंवा दह्यासारखा असेल आणि त्याच कंपनीच्या मांसाच्या पदार्थांशी त्याचा संबंध दिसत नसेल, तर मूळ मुभेचा नियम इथे पुरेसा बलवान आहे, आणि केवळ ‘मॉडिफाइड’ या शब्दासाठी तो पदार्थ हराम म्हणणे मला योग्य वाटत नाही. याउलट पदार्थ जेलीच्या गोळ्या असतील, जीवनसत्त्वांची पूड असेल किंवा ‘स्वाद’ असा मोघम घटक सोबत असेल, तर शंकेला नेमकी जागा आहे. नुअमान बिन बशीर यांच्याकडून आलेली आणि बुखारी व मुस्लिम दोघांनीही नोंदवलेली हदीस (पैगंबरांचे वचन) सांगते की हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे, आणि त्यांच्यामध्ये अनेकांना न कळणाऱ्या शंकास्पद गोष्टी आहेत. जो त्यांपासून दूर राहिला त्याने आपला धर्म आणि अब्रू राखली. ही हदीस इथे लागू करता येते. पण शंकास्पद वस्तू स्वतः टाळणे वेगळे आणि ती खाणाऱ्या दुसऱ्याला हराम खाणारा म्हणणे वेगळे. दुसऱ्यावर असा ठपका ठेवायला नेमका पुरावा लागतो, आणि तो आपल्याकडे नसतो.

औषधांबाबत एक सूचना. गोळीतील सोडियम स्टार्च ग्लायकोलेट किंवा आधी शिजवलेला स्टार्च यांवर अडून औषध बंद करू नये. शंका घ्यायचीच असेल तर ती कॅप्सूलच्या जिलेटिनवर आणि मॅग्नेशियम स्टिअरेटवर घ्यावी, कारण स्टिअरिक आम्ल प्राण्यांच्या चरबीपासूनही मिळते. आणि तीही औषध सुरू ठेवून, डॉक्टरांकडे पर्यायी कंपनीच्या गोळीची चौकशी करून.

मिळालेली उत्तरे तारखेसह एका वहीत लिहून ठेवावीत. पुरवठादार बदलतात आणि पाककृतीही बदलतात, म्हणून वेष्टनावरील घटकांची यादी बदललेली दिसली किंवा ‘नवे, सुधारित’ असे छापलेले दिसले की जुन्या उत्तरावर विसंबून न राहता तोच मजकूर पुन्हा पाठवावा.